पित्त म्हणून आलेली आजी

दवाखान्याच्या बाकावर पदराने कपाळावरचा घाम टिपत बसलेली एखादी सत्तरीची स्त्री आपण पाहिली असेल. विचारले तर म्हणते, "पित्त झालंय, रात्रीपासून मळमळतंय." क्रमांक लांब असूनही तिची कुरकुर नसते, उलट रडणाऱ्या लेकराला ती आपल्या आधी आत जाऊ देते. मला अशा रुग्णेची अधिक काळजी वाटते.

हृदयविकाराचा झटका म्हणजे छाती धरून कोसळणारा पुरुष, हे चित्र चित्रपटांनी आपल्या मनात पक्के केले आहे. छातीतील त्रास स्त्रियांमध्येही सर्वाधिक आढळणारे लक्षणच आहे. मात्र पुष्कळजणी त्याला दुखणे म्हणत नाहीत. 'भरून आल्यासारखे', 'जड', 'जळजळ' असे शब्द त्या वापरतात. वय झालेले असेल आणि जुना मधुमेह असेल, तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसा क्षीण झाल्याने वेदना मुळीच नसणेही शक्य असते. मग दिसतो तो न्हाणीघरापर्यंत जातानाही लागणारा दम, कधी नव्हे असा थकवा, थंड घाम, ओकारी, जबड्यात किंवा पाठीत येणारी कळ. पित्ताच्या औषधाने उतार पडला, म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही.

तेव्हा सोबत गेलेल्या आपण क्रमांकाची वाट पाहू नये. "आईंना दम लागतोय, घाम आलाय, मधुमेह आहे," एवढे नोंदणीच्या टेबलावर स्पष्ट सांगावे. अशा रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत काढून डॉक्टरांनी पाहावा, असा वैद्यकातील दंडक आहे. तो ठीक आला तरी त्रास चालू असल्यास पुन्हा काढावा लागतो. रक्तातील ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागू शकतात. त्या अहवालासाठी लहान दवाखान्यात थांबण्यापेक्षा हृदयोपचाराची सोय असलेले रुग्णालय गाठणे श्रेयस्कर. डॉक्टर बहुधा ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात. तिचे वावडे किंवा पूर्वी पोटात रक्तस्राव झाला असल्यास आधीच सांगावे. शेजाऱ्यांच्या डब्यातील जिभेखालची गोळी मात्र परस्पर देऊ नये, रक्तदाब एकाएकी उतरू शकतो.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर आजींना चालवू नये, बसवून ठेवावे. "घरी जाऊन कुकर लावायचाय," असे त्या म्हणतीलच. तो आज आपण लावावा.