विद्यार्थ्यांच्या नावानं चांगभलं!

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांच्या ताटात भांडण वाढावे, ही काही चांगली रीत नव्हे. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती आणि ती मी कबूलही केली होती. पण लिहायला बसले की खालच्या गिरणीची घरघर सुरू होते, चकलीच्या भाजणीचा वास जिन्याने वर येतो, आणि पुढच्या दिवाळीला हा आवाजही नसेल आणि हा वासही नसेल, या विचाराने नायक-नायिका कुठल्या कुठे पळून जातात. तेव्हा वाचकहो, यंदा कथा नाही. यंदा भांडणच.

आमचा वाडा पुण्याच्या नारायण पेठेत आहे. वाडा म्हणायचे ते सवयीने. मागचा चौक केव्हाच पडला, आणि माडीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला पाच वर्षांपासून टेकू आहेत. पण रस्त्याच्या अंगाची सहा दुकाने अजून जागच्या जागी आहेत. एका टोकाला गिरणी, तिला लागून किराणा, मग वह्या-पुस्तके, मग शिंपी, मग इस्त्रीवाला, आणि दुसऱ्या टोकाला पूर्वी सायकली आणि आता स्कूटरी दुरुस्त करणारा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा या दुकानांत पाणी शिरले होते. सासूबाई सांगत, की पाणी ओसरून वीज आल्याबरोबर त्या वेळच्या गिरणीवाल्याने चिखल उपसून आधी लोकांची दळणे दळून दिली आणि मग स्वतःच्या घराकडे पाहायला गेला. त्या पुराला जे साधले नाही, ते आता एक गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक साधणार आहे.

पत्रकावर चार मजली इमारतीचे चित्र आहे आणि वर ‘विद्यार्थी निवास’ अशी अक्षरे आहेत. आत ७२ खाटा. खोल्या किती, हे शोधून काढावे लागते. खाटा किती, हे मात्र ठळक छापले आहे. वायफाय आहे, अभ्यासिका आहे, दाराशी बोटाचा ठसा घेणारे यंत्र आहे. स्वयंपाकघर नाही. आणि तळमजल्यावर, जिथे आज सहा दुकाने आहेत तिथे, गाड्या उभ्या राहणार आहेत. इमारत बांधायची तर नियमाप्रमाणे गाड्यांना जागा सोडावी लागते. ती जमिनीलगत सोडणे सर्वांत स्वस्त पडते. म्हणून अख्खा तळमजला खांबांवर उचलायचा आणि खाली मोकळा अंधार ठेवायचा. दुकानदारांनी एक तर पैसे घेऊन मोकळे व्हावे, नाहीतर मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर गाळा घ्यावा, असे त्यांना सांगण्यात आले आहे. पहिल्या मजल्यावर पिठाची गिरणी! ज्याने हा आराखडा काढला त्याने दळणाचा डबा कमरेवर घेऊन जिना चढणारी बाई जन्मात पाहिली नसावी.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला विद्यार्थ्यांचे वावडे आहे. मुळीच नाही. मी स्वतः मॅट्रिक झाले आणि लग्न झाले. पुढे शिकायचे राहिले ते राहिलेच. गेली वीस वर्षे बालवाडीत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. शिकायला घराबाहेर पडलेल्या मुलाचे मोल मला कुणी शिकवायला नको. आणि विद्यार्थी ही पुण्याला काल आलेली आपत्ती नव्हे. एके काळी या पेठांतून गरीब मुले वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. १९०९ साली इथेच अनाथ विद्यार्थी गृह निघाले. १९५५ साली खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली. वसतिगृह ही चांगली गोष्ट आहे. पण त्या जुन्या लोकांनी मुलाला राहायला जागा दिली ती गावात सामावून घेण्यासाठी. गावाचा एक तुकडा पाडून त्या जागी मुलाला ठेवावे, ही युक्ती त्यांना सुचली नव्हती.

मालकांचीही बाजू मांडते, कारण ती माझीच बाजू आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. १९९९ चा कायदा आला, तो दरसाल शेकडा ४ वाढवू देतो. परिणाम असा, की आमच्या किराणा दुकानाचे महिन्याचे भाडे आज शंभर रुपयांच्या आसपास आहे. त्यात वाड्याच्या कौलांची शाकारणी होत नाही, भिंतीचे टेकूही बदलता येत नाहीत. उलट मागच्या खोलीत आम्ही तीन खाटा टाकल्या आहेत, त्यांतल्या एका खाटेचे महिन्याला साडेतीन हजार येतात. म्हणजे एक खाट महिन्याभरात जे देते ते द्यायला दुकानाला जवळजवळ तीन वर्षे लागतात. हा हिशेब माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मला कागदावर करून दाखवला, आणि त्यात मला एकही चूक काढता आली नाही. होय वाचकहो, मीही खाटा भाड्याने देणारीच आहे. दारावर ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ ही पाटी माझ्याच अक्षरातली आहे.

पण खाटेवर झोपणारे पोर दिवसभर जगते कुठे, हे मी त्या पाटीमागे राहून पाहिले आहे. लातूर, बीड, यवतमाळकडून ही मुले येतात ती स्पर्धा परीक्षा देण्यासाठी. एक वर्ष म्हणून येतात आणि पाच वर्षे राहतात. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा ही मुले रस्त्यावर उतरली होती. आमच्या खोलीतला एक मुलगा त्यांत होता. रात्री परत आला तो जेवलाच नाही. त्याच्याशी त्या रात्री कोण बोलले? मी नव्हे. मी दार उघडले, ‘उशीर झाला’ म्हटले आणि झोपले. शिंपीदादांनी त्याला दुकानाच्या फळीवर बसवून घेतले आणि फाटलेल्या शर्टाचा खांदा शिवून होईपर्यंत त्याच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली. हे मला दुसऱ्या दिवशी कळले, तेही इस्त्रीवाल्याकडून.

त्याच्या आदल्या वर्षीचे तर विचारूच नका. २५ मार्च २०२० पासून सगळे बंद झाले. खानावळी बंद, अभ्यासिका बंद, गावी जायला गाडी नाही. आमच्या गल्लीत ठिकठिकाणच्या खोल्यांत मुले अडकून पडली. त्यांच्यापैकी निम्म्यांना भात किती शिजवावा हे ठाऊक नव्हते आणि निम्म्यांकडे शिजवायला भांडे नव्हते. किराणावाले शेठ दिवसातून जेमतेम काही तास फळी उघडीत. त्यांनी एक वेगळी वही घातली. वरती ‘मुले’ असे लिहिले आणि खाली नावे. नुसती नावे, आडनाव नाही, गाव नाही. कुणी पोहे नेले, कुणी तेल, कुणी मेणबत्त्या. गिरणीवाल्याने दळणाचे पैसे घेतले नाहीत. ‘पीठ उडतेच, त्यात आणखी चार किलो उडाले,’ असे म्हणाला. मी त्या मुलांना पंधरा दिवस पोळ्या करून घातल्या, त्याचे कौतुक माझ्या माहेरी अजून होते. पण त्या पोळ्यांची कणीक कुठून आली हे मी तिकडे पुरेसे स्पष्ट सांगितलेले नाही. ते आज इथे सांगते.

वहीतले किती पैसे परत आले, असे मी शेठना एकदा विचारले. ‘बरेच आले, बाई. एकाने तर नोकरी लागल्यावर पेढे घेऊन येऊन दिले. थोडे यायचे आहेत.’ यायचे आहेत! बुडाले म्हणाले नाहीत.

आमच्या पुतण्याचे म्हणणे असे, की आता फोनवर बोट टेकवले की दहा मिनिटांत दूधही येते आणि साबणही येतो. दुकाने हवीत कशाला? त्याचे खरे आहे, येते. मीही मागवते. पण आणून देणारा तो पोरगा, बिचारा, घड्याळाकडे बघत जिना चढतो आणि घड्याळाकडे बघत उतरतो. समोरच्या खोलीतला मुलगा दोन दिवस दिसला नाही, हे त्याला कळणार कसे? आमच्या खोलीतल्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा ते पहिल्यांदा ओळखले स्कूटरवाल्याने, कारण रोज गाडीत हवा भरून नेणारा मुलगा भिंतीला धरून चालत होता. नव्या इमारतीच्या दाराशी यंत्र बोटाचा ठसा घेईल. मुलगा आत आला हे त्याला कळेल, बाहेर गेला हे कळेल. भिंतीला धरून आला हे कळणार नाही.

माझे भांडण खाटांशी नाही. भांडण आहे ते ‘विद्यार्थ्यांसाठी’ या शब्दाशी. ज्या ओळीने या मुलांना उधार दिले, फाटलेले शिवून दिले, आजारपणात रिक्षात घालून नेले, तीच ओळ मुलांच्या नावाने पाडायची, आणि वर समाजकार्य केल्याच्या थाटात पत्रकावर पुस्तक वाचणाऱ्या मुलीचे चित्र छापायचे! सरळ म्हणा ना, की आम्हाला पैसे हवे आहेत. मलाही हवे आहेत. माझ्या मुलाची फी भरायची आहे. पैसे हवेत म्हणण्यात लाज नाही. दुसऱ्याच्या पोराला पुढे करून ते मागण्यात आहे.

सासूबाईंनी जाताना आपला हिस्सा माझ्या नावे केला, म्हणून कराराच्या कागदावर चार दिरांच्या सह्यांखाली एक जागा माझ्यासाठी रिकामी आहे. आमच्या ह्यांचे म्हणणे, ‘तू सही कर आणि मग वाटेल तेवढे लिही.’ मी उलटे करायचे ठरवले. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन अटी लिहिल्या आहेत: सहाही दुकाने तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्याच माणसांना; गाड्या मागच्या चौकाच्या जागेत; आणि प्रत्येक मजल्यावर एक चूल, म्हणजे मुलांना भात तरी शिजवता येईल. यात बारा खाटा कमी होतात, असे विकासक म्हणाले. होतात. माझ्या वाट्याच्या आधी कमी करा, असे मी सांगितले. मालकाला वाजवी भाडे मिळावे म्हणून दुकानदार किती वाढवून देतील, ते मी विचारून आले; आजच्या दहापट द्यायला पाचजण तयार आहेत, इस्त्रीवाल्याला तेवढे झेपणार नाही. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

धाकट्या जाऊबाई आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत. काल मात्र त्यांच्या मुलीबरोबर अनारशांचे ताट आले. मी रिकामे ताट परत पाठवत नसते. त्यात चकल्या भरल्या. भाजणी खालच्याच गिरणीतली. लक्ष्मीपूजनाला शेठनी सगळ्या गल्लीला बोलावले आहे, आमच्या खोलीतल्या तिन्ही मुलांनाही. यंदा दोनच वह्या पुजायला मांडणार आहेत, एक नेहमीची आणि एक ती जुनी, ‘मुले’ लिहिलेली. तिच्यात अजून काही नावे बाकी आहेत म्हणतात.