तीन कागद, एकच कर्जदार

शांघाय किंवा हांगझोऊमधल्या पंचेचाळिशीतल्या एखाद्या सुस्थित जोडप्याची गुंतवणूक दहा वर्षांपूर्वी आपल्यासमोर तपासायला आली असती, तर बहुतेकांनी तिला पसंतीची मान डोलावली असती. राहता फ्लॅट, मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून त्या शाळेच्या हद्दीत घेतलेला दुसरा फ्लॅट, बँकेतून घेतलेली वेल्थ मॅनेजमेंट योजना, दहा लाख युआन टाकून घेतलेली ट्रस्ट कंपनीची योजना, शिवाय थोडे शेअर, सोने आणि विमा. बचत भरपूर, कर्ज झेपेल एवढे. तरीही २०२१नंतर अशाच घरांना जबर फटका बसला. तो का बसला, हे सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

या कुटुंबांना हावरट ठरवणे अन्यायाचे होईल. १९९८ साली नोकरीच्या ठिकाणाकडून घर मिळण्याची पद्धत सरकारने बंद केली आणि घर बाजारातून विकत घेण्याची वस्तू झाली. त्यानंतर दोन दशके भाव चढत राहिले. शेअर बाजाराने २००७ आणि २०१५च्या तेजीनंतर हात पोळले होते. परदेशात पैसा न्यायचा तर माणशी वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा. मग घराशिवाय दुसरे काय उरले? एकुलत्या एका मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी दोन्हीकडचे आईवडील आयुष्यभराची पुंजी मोकळी करत. चीनच्या मध्यवर्ती बँकेने २०१९ साली केलेल्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण मालमत्तेत घरांचा वाटा ५९.१ टक्के निघाला. ३१ टक्के कुटुंबांकडे दोन घरे होती.

पण खरा घोळ उरलेल्या पैशात होता. घरांबाहेरची गुंतवणूक तरी वेगळीकडे आहे, असा या कुटुंबांचा समज होता. प्रत्यक्षात बँका बिल्डरांना कर्ज द्यायला हात आखडता घेत, तेव्हा ट्रस्ट कंपन्यांचा पैसा तिथे जाई. वेल्थ योजनांचाही काही भाग फिरून फिरून तिथेच पोचे. एव्हरग्रँड या बड्या बिल्डर कंपनीने तर स्वतःच्या गुंतवणूक योजना आपल्या कर्मचाऱ्यांना आणि आपलीच घरे घेतलेल्या लोकांना विकल्या. सप्टेंबर २०२१मध्ये पैसे थकले, तेव्हा ही माणसे शेनझेनच्या मुख्यालयात येऊन धडकली. पुढच्या वर्षी जिंगदेझेनमध्ये अर्धवट राहिलेल्या इमारतीतल्या ग्राहकांनी हप्ते थांबवण्याचा इशारा दिला, आणि ते लोण अनेक शहरांत पसरले. ताबा मिळण्याआधीच त्यांचे हप्ते सुरू झाले होते. २०२३च्या ऑगस्टमध्ये झोंगरोंग ट्रस्टची देणी थकली. तिच्यामागचा झोंगझी समूह जानेवारी २०२४मध्ये दिवाळखोरीत गेला. अर्धवट फ्लॅट, वेल्थ योजना आणि ट्रस्टची पावती असे तीन वेगळे कागद कपाटात होते, पण तिन्हींच्या टोकाला कर्जदार एकच होता: बिल्डर.

हे कागद विकणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवे, कारण ते आपलेच व्यवसायबंधू. हमी कुठे लिहिलेली नव्हती. पण ‘आजवर कुणाचे पैसे बुडलेले नाहीत’ हे वाक्य हमीसारखेच वापरले गेले, आणि योजना अडचणीत आली की संस्था पदरमोड करून ग्राहकाचे पैसे चुकते करत. २०१८च्या नियमांनी ही प्रथा मोडायला घेतली. मात्र नियम बदलल्याने ग्राहकाच्या मनातली हमी पुसली जात नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये रोख्यांचे भाव पडले, वेल्थ योजनांचे मूल्य मुद्दलाखाली गेले, तेव्हा लोकांनी घाबरून पैसे काढले. ‘यातही तोटा होऊ शकतो’ हे त्यांना आधी कोणी बसवून सांगितले होते का? आमच्या मते सल्लागाराच्या कामाची कसोटी इथे लागते.

आज तीच कुटुंबे मुदत ठेवींकडे वळली आहेत. मोठ्या सरकारी बँकांनी मे २०२५मध्ये एक वर्षाच्या ठेवीचा दर ०.९५ टक्क्यावर आणला, तरीही. अनेकांनी गृहकर्जे मुदतीआधी फेडली, काहींनी सोने घेतले. पोळलेल्या माणसाने असे वागणे स्वाभाविक आहे. पण वृद्ध आईवडील आणि स्वतःची निवृत्ती, दोन्ही या दरावर कशी निभणार, ही चिंता खरी आहे.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, रेरा कायद्यामुळे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. हा आधार मोठा आहे, पण तो त्या प्रकल्पापुरता. ग्राहकाने फ्लॅटशिवाय बिल्डरांचे रोखे घेतले असतील, बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेत ठेव ठेवली असेल, वर रिअल इस्टेट फंडही असेल, तर त्या यादीत चार नावे दिसतील, पण चारही वाटांनी पैसा बिल्डरांकडेच गेलेला असू शकतो. या महिन्यात आपल्या पाच मोठ्या ग्राहकांच्या फायली काढा. प्रत्येक योजनेसमोर, पैसा शेवटी कोणाच्या हाती जातो ते नाव लिहा, आणि तो कागद ग्राहकाला दाखवा.