आमाशयावर शस्त्रकर्म झाले आहे काय?

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक शिक्षक माझ्या चिकित्सालयात आले. जेवण उरकून हात धुईपर्यंत छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, पोटात गुडगुड होऊन शौचास धावावे लागते आणि नंतर अर्धा तास आडवे पडल्याशिवाय उभे राहवत नाही, अशी त्यांची तक्रार होती. नाडी, जिव्हा, मल यांची परीक्षा करून मी ग्रहणीदोष व अग्निमांद्य असे निदान लिहिले. कुटजारिष्ट, जेवणापूर्वी आल्याचा रस मधातून आणि दौर्बल्यासाठी सकाळी च्यवनप्राश, अशी योजना केली. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. "वैद्यबुवा, तुमचं औषध सुरू केल्यापासून यांना जास्तच होतंय. परवा तर वर्गात फळ्यासमोरच खाली बसले." आणि उठता उठता म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी असं कधी नव्हतं हो."

ते ऑपरेशन म्हणजे वजन कमी करण्यासाठी दीड वर्षापूर्वी झालेले गॅस्ट्रिक बायपास. मी विचारले नव्हते, त्यांनी सांगितले नव्हते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रकर्माचे बोटाच्या पेराएवढे व्रण उदरपरीक्षेत माझ्या दृष्टीस पडलेही असतील. परंतु प्रश्नच मनात नसेल तर व्रण दिसूनही दिसत नाही.

या अवस्थेस आधुनिक शास्त्रात डंपिंग सिंड्रोम म्हणतात. हर्ट्झ यांनी 1913 साली तिचे वर्णन केले आणि 1922 साली मिक्स यांनी 'डंपिंग' हा शब्द रूढ केला. पूर्वी आमाशयव्रणासाठी गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी, व्हेगॉटॉमी अशी शस्त्रकर्मे सर्रास होत, तेव्हा असे रुग्ण जुन्या वैद्यांच्याही पाहण्यात असत. आम्ल कमी करणारी नवी औषधे आली, 1982 साली मार्शल व वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू ओळखला, आणि ती शस्त्रकर्मे मागे पडली. आता स्थौल्यावरील बायपास व स्लीव्ह शस्त्रकर्मांमुळे हा रुग्ण पुन्हा आपल्या दारात आला आहे. अर्बुदासाठी आमाशय काढलेले रुग्ण तर आहेतच.

यातील संप्राप्ती नीट समजून घेतली पाहिजे. आमाशय हे अन्नाचे कोठार आहे आणि त्याचे अधोद्वार म्हणजे पहारेकरी. कोठार लहान झाले, पहारेकरी निघून गेला वा त्याला वळसा घातला गेला, की अन्न अर्धवट पचलेल्या स्थितीत लघ्वंत्रात कोसळते. त्यातील साखरेचे तीव्र द्रावण रक्तातील जलांश आतड्यात ओढून घेते. आंत्रातील अनेक स्राव एकाच वेळी उसळतात. त्यामुळे भोजनोत्तर 10 ते 30 मिनिटांत, फार तर तासाभरात, हृद्द्रव, स्वेद, भ्रम, आध्मान आणि अतिसार होतो. हा झाला पूर्व प्रकार. दुसरा उत्तर प्रकार, 1 ते 3 तासांनी येणारा. शर्करा झपाट्याने शोषली गेल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा अधिक स्रवते, रक्तशर्करा एकदम खाली जाते, आणि रुग्ण थरथरतो, गोंधळतो, प्रसंगी मूर्च्छित होतो.

आता माझा मूळ मुद्दा. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात ग्रहणीचे कर्म सांगताना अपक्व अन्न धरून ठेवणे आणि पक्व अन्न पुढे सोडणे असे दोन भाग केले आहेत. या रुग्णात बिघाड आहे तो धारणाचा. अग्नी मंद असेल वा नसेल, तो येथे आद्य हेतू नाही. आपण मात्र अतिसार व दौर्बल्य दिसताच दीपन-पाचनाकडे वळतो. निदान ग्रहणीच्या जवळ पोहोचले तरी चिकित्सा चुकते, ती येथे.

आणि चुकते ती केवळ निरुपयोगी ठरून थांबत नाही. आपल्या कल्पांतील शर्करेचा हिशेब पाहा. शार्ङ्गधरोक्त मानाने अनुक्त स्थळी आसवारिष्टास एक द्रोण द्रवाला एक तुळा गूळ आणि त्याच्या निम्मा मध. संधानात त्यातील बरीच शर्करा खर्ची पडते हे मान्य, तरी उरलेली थोडी नसते. अवलेहात चूर्णाच्या चौपट साखर किंवा दुप्पट गूळ. सितोपलादी चूर्णाच्या 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखरच. अविपत्तिकरात जवळजवळ निम्मी साखर आणि वर रेचक निशोत्तर. 'ॲसिडिटी' म्हणणाऱ्या रुग्णाला आपण तेच आधी देतो! मधाला या बाबतीत वेगळा न्याय नाही. माझ्या शिक्षक रुग्णाला अतिसारावर औषध म्हणून मी गूळ-मधच पाजत होतो. कुटजघनवटीने निदान हा अपराध तरी घडला नसता.

पथ्याचेही तसेच. भोजनाच्या मध्ये थोडे थोडे जल प्यावे हा आपला नित्याचा उपदेश. येथे द्रवामुळे अन्न अधिकच वेगाने खाली जाते, म्हणून पाणी, ताक, आमटीचे पातळ जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर. पहिले अन्न पचल्याशिवाय दुसरे घेऊ नये हे खरे. पण या रुग्णाला दिवसातून सहा लहान आहार लागतात. दिवास्वाप वर्ज्य, तरी भोजनोत्तर अर्धा तास आडवे पडल्याने याला आराम मिळतो. अशक्तपणा आला की घरोघरी गूळ घातलेली पेज देतात आणि आपणही पेयादि क्रमाचे नाव घेऊन संमती देतो. पातळ आणि गोड, दोन्ही दोष तिच्यात एकत्र. हे शास्त्राविरुद्ध आहे असे मला वाटत नाही. ते नियम ज्या आमाशयासाठी सांगितले ते अखंड होते.

प्रत्यक्षात काय द्यावे? मुगाची घट्ट उसळ, अंडे, मासे, पनीर हे आधी, मग ज्वारीची भाकरी, भाजी. घास बारीक, चर्वण पूर्ण. ऊस रस, सरबत, खीर, शिरा, साखरेचा चहा-बिस्किटे बंद. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही आहारबदल हीच पहिली पायरी आहे. अन्नाला दाटपणा आणणारा गवार गम वा पेक्टिन उपयोगी पडतो. त्यावरून इसबगोल सुचेल, परंतु त्याला भरपूर पाणी लागते आणि जोड अरुंद असेल तर तो तेथेच अडकण्याचे भय, म्हणून शल्यचिकित्सकास विचारल्याविना देऊ नये. नाडीपरीक्षा मात्र येथे खरोखर कामी येते. सकाळी रिक्तकोष्ठी पाहावी आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. गतीतील वाढ पुष्कळ काही सांगते. ग्लुकोज पाजून करण्याची चाचणी चिकित्सालयात करू नये, ती रुग्णालयाचे काम आहे.

उत्तर प्रकारातील कंप-स्वेदाला वातप्रकोप समजून अभ्यंग सांगत बसू नये. ग्लुकोमीटर प्रत्येक चिकित्सालयात असलाच पाहिजे. रक्तशर्करा खरोखर घसरली असेल तर त्या क्षणी गोड द्यावेच लागते, शुद्धीवर असेल तरच मुखाने, आणि पाठोपाठ थोडे प्रथिनयुक्त अन्न. नुसत्या साखरपाण्यावर सोडले तर तेच चक्र पुन्हा फिरते. रुग्ण अकार्बोज घेत असेल तर साखरेचा गुण उशिरा येतो, त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी. वारंवार मूर्च्छा, तीव्र उदरशूल, सतत छर्दी, कृष्णवर्ण मल यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. संपूर्ण आमाशय काढलेल्या रुग्णाला जीवनसत्त्व बी-12 बाहेरून, बहुधा सूचिकाभरणाने, आयुष्यभर घ्यावे लागते. बायपासनंतरही लोह, बी-12 आदींची पूर्ती चालू ठेवावी लागते. 'ती केमिकल औषधे आता बंद करा' असे सांगणारे आपल्यातलेच काही जण आहेत. त्याचे परिणाम वर्ष-दोन वर्षांनी हातापायांच्या बधिरतेत दिसतात, तेव्हा रुग्ण आपल्याकडे नसतो, म्हणून आपल्याला कळतही नाही.

त्या शिक्षकांना मी त्यांच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले, माझी योजना त्यांना लिहून कळवली आणि अरिष्ट, मध, अवलेह तिन्ही थांबवले. आहार बदलल्यावर दोन महिन्यांत ते पूर्ण तासिका उभ्याने घेऊ लागले. पुढे पाचनासाठी मी काहीच दिले नाही. त्यांच्या पत्नींना तेही थोडे विचित्र वाटले.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर 'आमाशयावर शस्त्रकर्म झाले आहे काय? कोणते? केव्हा?' अशी ओळ छापलेली आहे. औषधालय चालवणाऱ्या बंधूंना वेगळा केसपेपर नसतो, पण गल्ल्यावर उभा असलेला माणूस "जेवल्यावर गळून जातो, पचनाचं काहीतरी द्या" म्हणाला, तर अरिष्टाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. उत्तर होकारार्थी आले तर ती बाटली त्या दिवशी विकू नये.