मी येण्यापूर्वी

पार्थियन युद्ध जिंकल्यावर रोमचा सहसम्राट ल्युसियस व्हेरस याने आपले जुने गुरुजी फ्रॉन्टो यांना पत्र लिहिलं. युद्धाचा इतिहास तुम्हीच लिहा, सेनापतींना टिपणं काढायला सांगितली आहेत. इथवर ठीक. पण टिपणांबरोबर मांडणीच्या सूचनाही आल्या. युद्धाची कारणं आणि सुरुवातीचे दिवस ऐसपैस लिहा. माझ्या गैरहजेरीत आपली कशी फजिती झाली, ते तर नक्कीच. माझ्या कामगिरीकडे यायची घाई नको. पार्थियन आधी किती वरचढ होते हे नीट ठसलं, तरच मी काय केलं ते डोळ्यांत भरेल.

भाट पदरी ठेवणारे राजे पुष्कळ झाले. हा त्यांच्याहून धोरणी. आपली उंची वाढवायची, तर आधीचा खड्डा खोल खणून घ्यावा, हे त्याला कळलं होतं.

प्रश्न इतकाच, की तो खड्डा कोणाच्या कारकिर्दीतला? व्हेरस मार्च 161 मध्ये मार्कस ऑरेलियसच्या बरोबरीने गादीवर आला. सिनेट सगळे अधिकार एकट्या मार्कसला देऊ पाहत होतं. त्यानेच आग्रहाने व्हेरसला वाटेकरी केलं. कप्पाडोकियाचा सुभेदार सेव्हेरियानस आर्मेनियात घुसला, पार्थियनांपुढे सैन्यासकट बुडाला आणि त्याने आत्महत्या केली, ते त्यानंतर. म्हणजे नामुष्की याच जोडीच्या राज्यातली. व्हेरस गैरहजर होता खरा, पण रोममध्ये सम्राट म्हणून हजर होता. 162 मध्ये तो निघाला, वाटेत आजारी पडला, कोरिंथ-अथेन्स करत सीरियातल्या अँटिओकला पोहोचला आणि बहुतेक काळ त्याच बाजूला राहिला. 163 मध्ये आर्मेनियातलं अर्ताक्साता घेतलं स्टेशियस प्रिस्कसने. 165 मध्ये पार्थियनांचं सेल्युकिया आणि टेसिफोन पाडलं अव्हिडियस कॅसियसने. 'आर्मेनियाकस' आणि 'पार्थिकस मॅक्सिमस' हे किताब मात्र व्हेरसच्या नावापुढे लागले. पराभव झाला तेव्हा गादी दोघांची होती; विजयाचं श्रेय मात्र एकाने आपल्याकडे मागितलं.

गुरुजींनी शिष्याचा शब्द मोडला नाही. त्यांच्या इतिहासाची प्रस्तावना तेवढी उरली आहे, आणि तीत ट्राजनसारख्या आधीच्या सम्राटालाही व्हेरसपुढे कमी लेखलं आहे. अँटिओकच्या फौजेचं वर्णन तर बरहुकूम. शिपाई छावणीपेक्षा नाट्यगृहात जास्त, नटांना टाळ्या पिटण्यात दंग. घोड्यांना खरारा नाही, त्यांची लव वाढलेली. स्वार मात्र अंगावरचे केस उपटून तुळतुळीत. अशा फौजेला शिस्त लावली ती व्हेरसने.

हाच व्हेरस मायदेशी परतला, तेव्हा सीरियातून नटांचा ताफा बरोबर घेऊन आला. जिंकलेले राजे मिरवावेत अशा थाटात, असं त्याचं प्राचीन चरित्र सांगतं.