वळवाचा पाऊस आणि बायकांच्या सायकली

मंडळी, चैत्र लागला की आपल्या चाकण-खेडच्या पट्ट्यात दोन गोष्टींचे नेम सांगता येत नाहीत. एक कांद्याचा भाव आणि दुसरा वळीव. सकाळी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ, दुपारी अंगाची लाही आणि तीन वाजले की भामचंद्राच्या अंगाने ढगांचे डोंगर चढू लागतात. समुद्राकडून आलेली ओल आणि तापलेली जमीन यांची गाठ पडली की हे होतेच. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब. अर्ध्या तासात सारे संपते. तेवढ्यात काढून ठेवलेल्या कांद्याची माती व्हायची ती होते.

अलीकडे या दिवसांत आपल्या रस्त्यांवर एक नवे दृश्य दिसते. रविवारी पहाटे निगडी, चिंचवड, आकुर्डीकडच्या बायका सायकली घेऊन निघतात. कोणी देहूला इंद्रायणीच्या काठी येते, कोणी आळंदीला जाते, दमदार असतील त्या चाकणवरून आंबेठाणमार्गे भामा-आसखेडच्या धरणापर्यंत मजल मारतात. कोणी शिक्षिका, कोणी बँकेत, कोणी घर सांभाळणारी. डोक्याला शिरस्त्राण, अंगात भडक रंगाचा सदरा. पारावरची मंडळी त्यांच्याकडे बघून हसतात, ते मी पाहिले आहे. हसणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, की चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल मारून घरी जाऊन पुन्हा स्वयंपाकाला लागणे हे पारावर बसण्याइतके सोपे नाही.

ज्या रस्त्याने त्या जातात त्याची गोष्ट तरुण मंडळींना ठाऊक असेलच असे नाही. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले आणि आंबेठाणला त्यांनी शेती घेतली. त्या काळी भामनेरच्या खोऱ्यातून चाकणच्या बाजारापर्यंत माल आणायचा म्हणजे बैलांचे आणि माणसांचे हाल होते. पावसाळ्यात तर आजारी माणूस झोळीतून न्यावा लागे. रस्ता पक्का करावा म्हणून जानेवारी १९८० मध्ये वांद्र्यापासून चाकणपर्यंत सुमारे ६४ किलोमीटरचा पायी मोर्चा निघाला. त्यात बायाबापड्या होत्या, कडेवर पोरे घेतलेल्या होत्या. पुढे १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, ते सर्वांना आठवते. पण मला विचाराल तर आपल्या भागातल्या बाईने रस्त्यावर हक्क सांगितला तो या पायी मोर्चात.

आता गंमत पाहा. रस्ता झाला. मग औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे कारखाने आले, कंटेनर आले. त्या रस्त्यासाठी ज्या घरातली आजी चालली, त्याच घरातल्या नातीला आज आई सांगते, "सायकल नको गं बाई, ट्रक फार आहेत." मुलगी शाळेपर्यंत कशीबशी जाते, कॉलेज चाकणला किंवा राजगुरुनगरला, एसटीची वेळ जमत नाही, सहाआसनीत गर्दी, मग दहावीनंतर शिक्षण थांबते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देते, पण ती योजना मागास ठरलेल्या तालुक्यांपुरती. कारखान्याला खेटून असलेले गाव कागदावर मागास कसे असेल?

गेल्या साली चैत्रातच एका वस्तीवर मी कांदा पाहायला गेलो होतो. दुपार कललेली. धरणाकडून परतणाऱ्या पंधरा-सोळा सायकलवाल्या बाया वारा सुटला म्हणून त्या घरापाशी थांबल्या. घरची बाई एकटी, मालक बाजारला गेलेला. खळ्यात पातीसह कांदा पसरलेला आणि ताडपत्री तिला एकटीला आवरेना. "ताई, या टोकाला धरा की!" म्हणून तिने हाक मारली. वीज अजून लांब होती म्हणून बरे. बघता बघता चारी कोपरे धरले गेले, कडेला दगड ठेवले गेले आणि सगळ्या जणी पक्क्या घरात शिरल्या. पाऊस कोसळला. चहा झाला. त्यांतल्या एकीने विचारले, "वहिनी, तुम्हाला सायकल येते का?"

बाई म्हणाली, "शाळेत असताना भावाची चालवायचे. दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल. लग्नानंतर कुणी विचारलंच नाही."

पाऊस थांबल्यावर तिने अंगणाच्या कोरड्या कडेने एक चक्कर मारून पाहिली का? नाही. "आधी कांदा उघडू द्या, घाम सुटेल त्याला," म्हणाली आणि ताडपत्रीकडे गेली. तिचेच बरोबर होते. पण तिच्या आठवीतल्या मुलीने मात्र त्यातली एक सायकल धरली ती फाटकापर्यंत सोडली नाही.

तेव्हापासून मी बचत गटाच्या बैठकीत खते-बियाणे झाल्यावर हा विषय काढतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायचे ठरले. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर बाई होत्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, अशा लाखावर बायका शिकल्या. लोक आधी हसलेच. तिथेही पार असतात. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी पुरुषी सायकली घेतल्या आणि त्यात सोय अशी, की पुढच्या दांड्यावर पोर बसवता येते! पाणी आणणे, माल बाजारात नेणे, दवाखाना, यात नवऱ्याची किंवा एसटीची वाट पाहणे संपले. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने तर विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सायकलने पृथ्वीला फेरी घातली; सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. तितके कोणी मागत नाही. चाकणचे कॉलेज आणि आठवड्याचा बाजार एवढे जमले तरी पुष्कळ.

माझे म्हणणे असे. गटाने मिळून दोन-तीन सायकली घ्याव्यात, जुन्याही चालतील. लेडीज सायकल, चेनला कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली, म्हणजे पदर किंवा ओढणी अडकत नाही. शिकायला शाळेचे पटांगण संध्याकाळी मोकळेच असते. आणि ग्रामसभेत एकच मागणी लावून धरावी: गावातून शाळेकडे आणि फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कडेने मुरूम टाकून चांगली चार-पाच फूट पट्टी करून द्या. कारखान्यांचा सामाजिक कामाचा निधी असतो, तोही मागावा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, हे १९८० ला चालणाऱ्यांना पक्के माहीत होते.

वळवात सायकल चालवायची तर थोडी समज हवी. महिनोन् महिने कोरड्या रस्त्यावर धूळ आणि तेल साचलेले असते. पहिल्या सरीत ते साबणासारखे होते. रिम भिजली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून हलके दाबत जावे आणि नुसता पुढचा ब्रेक कधी आवळू नये. डबक्यात शिरू नये, खाली खड्डा किती ते दिसत नाही. कंटेनर डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचे नाही. तिथले ड्रायव्हरला दिसत नाही. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सायकल ठेवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये, मग कांदा भिजो की राहो. पुण्याच्या हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' नावाचे ॲप मोबाईलवर घेतले तर विजेची आगाऊ सूचना मिळते.

कांद्याचेही सांगून टाकतो, कारण तो राहिला तर घरात मला कोणी चहा देणार नाही. आपल्या राजगुरुनगरलाच कांदा-लसूण संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथे जाऊन पाहत चला. निम्म्या माना पडल्या की काढणी करावी आणि त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. काढलेला कांदा शेतातच तीनेक दिवस पातीने झाकून सुकवावा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस राहू द्यावा. वळवात भिजलाच तर ढीग घालू नका. सावलीत पातळ पसरा, वारा लागू द्या, फुटका-सडका वेचून काढा आणि खडखडीत वाळल्याशिवाय चाळीत भरू नका. ओला कांदा चाळीत गेला की काळी बुरशी शेजारच्याला धरते.

सायकल भिजली तर तीही तशीच उन्हात टाकू नये. चेन जुन्या फडक्याने कोरडी पुसावी, खोबरेल नव्हे, मशीनचे तेल थेंब-थेंब सोडावे, पायडल उलटे फिरवावे आणि ब्रेकच्या रबराला तेल लागले नाही ना ते बघावे. मुलीकडूनच करून घ्यावे.