बाजार उठला, तर बेट कसे तगेल?

वसई हे मुळात बेट. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस, आज बुजत चाललेली, सोपाऱ्याची खाडी. या चार पाण्यांमध्ये जो संसार उभा राहिला, तो बाजाराच्या टोपलीवर. सामवेदी आणि वाडवळ बायांनी वाडीतली केळी, अळू, शेवग्याच्या शेंगा आणि फुले आणावीत, कोळणींनी मासळी आणावी, तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या आदिवासी भगिनींनी पावसाळ्यात शेवळे-कंटोळी आणावीत. एकीच्या हाती आलेला पैसा दुपारपर्यंत दुसरीच्या हाती जाई आणि बेटावरच फिरत राही.

आज या बायांना 'अतिक्रमण' हे नाव मिळाले आहे. रस्ता अडतो, कचरा होतो, असे आपण म्हणतो. तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर टोपली उचलून गाडीत टाकणे हे आहे काय? 2009 साली येथे महानगरपालिका आली. शहराला रस्ते हवेत, तसा बाजारही हवा. छप्पर, पाणी आणि बायांसाठी शौचालय द्या. कचऱ्याची तक्रार अर्धी आपोआप मिटेल.

कायदाही बायांच्याच बाजूला आहे. पथविक्रेत्यांसंबंधीच्या 2014 च्या केंद्रीय कायद्याने परंपरेने भरणाऱ्या बाजाराला 'नैसर्गिक बाजार' म्हणून मान्यता दिली. पाहणीत नोंदलेला असा बाजार 'ना-फेरीवाला क्षेत्र' ठरवता येत नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेला बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही तो सांगतो. पापडीच्या आठवडी बाजाराला आणि होळीच्या बाजाराला हा न्याय मिळावा, म्हणून आपल्यापैकी किती जणांनी अर्ज केला?

दोष केवळ शासनाचा नाही. हरित वसईसाठी आपण मोर्चे काढले, सभा गाजवल्या. आणि रविवारी मिस्सा संपताच चकचकीत दुकानातून प्लॅस्टिकात गुंडाळलेली परगावची भाजी घरी आणली! मावशीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण तेथे छापील किमतीपुढे निमूट मान तुकवतो. वाडी वाचते ती घोषणांनी नव्हे, वाडीतला माल खपल्याने. केळीचा एक घड आणि अळूच्या चार जुड्या कोणताही घाऊक व्यापारी दारातून उचलत नाही. त्यांना बाजार लागतो. तो गेला की माल वाडीतच सडतो, आणि मग बिल्डरच्या हाती सातबारा देण्यास मुलाचे मन किती दिवस नकार देईल?

तेव्हा आपल्या प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी ठरवावे: आठवड्याची भाजी आणि मासळी टोपलीवाल्या मावशीकडून घ्यायची, तीही घासाघीस न करता. आणि नैसर्गिक बाजारांची पाहणी व नोंद व्हावी, यासाठी गावोगावच्या सह्यांचा अर्ज पालिकेत द्यायचा. बेट पाण्याने वेढलेले असते. पण ते तगून राहते माणसांच्या देवघेवीवर.