मुरिल्लो चौकात कोण फिरतं?

शाळेच्या भूगोलात बोलिव्हिया दोन ओळींत संपतो. दक्षिण अमेरिकेतला समुद्र नसलेला देश. कथील, चांदी, लामा. राजधानी कोणती, इथं मास्तरही घोटाळतात, कारण कागदावर सुक्रे आणि सरकार बसतं ला पासमध्ये. झाला देश! माणसं कुठायत?

मी तिथं गेलेलो नाही. जे बोलतोय ते वाचून बोलतोय. पण कुठल्याही देशाचे डोंगर-नद्या नंतर बघावेत, आधी त्याच्या मुख्य चौकात कुणाला फिरता येतं ते विचारावं, असं माझं मत आहे.

ला पासला मुरिल्लो चौक आहे. तिथं राष्ट्राध्यक्षांचा वाडा, संसद आणि कॅथेड्रल. म्हंजे राज्य, कायदा आणि देव एका हाकेवर. आणि १९५२ च्या आधी आयमारा-केचुआ माणसाला ह्या चौकात मोकळं फिरू देत नव्हते. देश ज्यांच्या जमिनीवर उभा, ज्यांनी पोतोसीच्या डोंगरातून स्पेनच्या राजाला चांदी काढून दिली, खाणीत उतरायची पाळी ज्यांच्यावर कायद्यानं लादली गेली, त्यांनाच चौक बंद.

खेड्यातली गत याहून वाईट. जमीनदाराच्या शेतावर राबायचंच, वर पाळीपाळीनं त्याच्या शहरातल्या घरी फुकट चाकरी करायची. ह्या वेठीच्या माणसाला म्हणायचे पोंगो. हा शब्द आला 'दार' ह्या अर्थाच्या शब्दावरून. कारण तो दाराशी झोपायचा. खायचं त्यानं घरून आणायचं आणि मालकाच्या चुलीला जळण म्हणून लामाच्या लेंड्याही त्यानंच आणायच्या. मालकाला गरज नसली तर तो पोंगो दुसऱ्याला भाड्यानं द्यायचा. पोंगो भाड्यानं मिळेल, जळणासकट, अशा जाहिराती शहरातल्या पेपरात यायच्या. ही गोष्ट विसाव्या शतकातली. स्वातंत्र्य १८२५ सालीच मिळालं होतं, देशाला बोलिव्हारचं नावही देऊन झालं होतं. कुणाचं स्वातंत्र्य, ते ह्या जाहिरातीत वाचा.

१९४५ साली राष्ट्राध्यक्ष वियारोएलनं पहिली इंडियन परिषद भरवली आणि वेठ बंद केल्याचा हुकूम काढला. जमीनदारांनी तो हुकूम चुलीत घातला. पुढच्याच वर्षी, जुलै १९४६ मध्ये, जमावानं वियारोएलला मारून त्याच मुरिल्लो चौकात दिव्याच्या खांबाला लटकवलं. त्याची राजवट लष्करी होती, त्यानंही माणसं मारली होती, डावेही त्याच्या विरोधात होते. सगळं खरं. तरी त्याच्याबरोबर तो हुकूमही लटकला, हे मी विसरू शकत नाही.

मग एप्रिल १९५२. खाणकामगारांनी हातात बंदुका, डायनामाइट घेतलं आणि तीन दिवसांत लष्कर वाकवलं. कथलाच्या तीन मोठ्या मालकांच्या खाणी सरकारजमा झाल्या. लिहितावाचता न येणाऱ्यालाही मत मिळालं. १९५१ ला मतं पडली होती सव्वा लाखाच्या आसपास, १९५६ ला साडेनऊ लाखांच्या घरात. आकडा जरा दोनदा वाचा. माणसं तीच होती, फक्त मोजली जायला लागली. १९५३ ला जमिनीचा कायदा आला, वेठ गेली.

पण क्रांतीच्या पुढाऱ्यांनी आणखी एक चलाखी केली. 'इंडियन' हा शब्द अपमानाचा, म्हणून काढून टाकला, आणि म्हणाले, आजपासून तुम्ही कांपेसिनो. म्हंजे शेतकरी. नाव बदललं, बायकोच्या डोक्यावरची टोपी आणि अंगावरचा घेरदार घागरा बघून नाक मुरडणारे तेच राहिले. वरून दिलेलं गोंडस नाव म्हणजे काय चीज असते, हे ह्या अंकाच्या वाचकाला मी काय सांगणार?

म्हणून १९७० नंतर आयमारा पोरं उठली. १७८१ मध्ये ला पासला वेढा घालणारा तुपाक कातारी, ज्याला घोड्यांना बांधून फाडला, त्याचं नाव त्यांनी घेतलं. १९७३ ला तिवानाकूचा जाहीरनामा काढला. आपण वर्ग म्हणून नागवले जातो आणि वंश म्हणूनही, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघा, असं ही कातारिस्ता मंडळी सांगायची. डावे म्हणायचे, एकच डोळा पुरे. हा वादही वाचकांना नवा नाही!

आता नळ आणि रस्ते. ते बिनराजकारणाचे असतात असं समजणाऱ्यानं कोचाबांबाला जावं. १९९९ साली तिथलं पाणी एका कंपनीला चाळीस वर्षांसाठी दिलं. त्या कंपनीमागं अमेरिकेतली बेक्टेल. बिलं वाढली, काहींची दुपटीवर गेली. वस्त्यांनी वर्गणी काढून खणलेल्या विहिरींवरही कंपनीचा हक्क लागण्याची वेळ आली. जोड्यांच्या कारखान्यातला कामगार ऑस्कार ओलिवेरा, शेतकरी, विद्यार्थी, सगळे रस्त्यावर. एप्रिल २००० मध्ये आणीबाणी लागली, गोळीबार झाला, सतरा वर्षांचा एक पोरगा मेला. करार रद्द करावा लागला. कंपनीनं कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला आणि २००६ ला दोन बोलिव्हियानो घेऊन गुपचूप मिटवला. दोन! आपल्याकडच्या भाषेत चहाचे पैसे.

पण गोष्ट इथं संपवणारे लबाड आहेत. पाणी सरकारी झालं, पुढं कित्येक वर्षं शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या टँकरचंच पाणी विकत घेत राहिल्या. कंपनीला हाकलणं वेगळं, पाइप टाकणं वेगळं.

एव्हो मोरालेस २००६ ला राष्ट्राध्यक्ष झाला. आयमारा घरातला, कोकाच्या शेतकऱ्यांचा पुढारी. २००९ ची नवी घटना आली. स्पॅनिशसोबत ३६ भाषा राजभाषा झाल्या, विफाला झेंडा सरकारी झाला. वरचे काय गप्प बसले? मे २००८ मध्ये सुक्रेच्या चौकात शहरी टोळक्यांनी खेड्यातल्या माणसांना उघडं करून गुडघ्यावर बसवलं होतं. चौक पुन्हा तोच!

तरीपण एव्होची आरती मी ओवाळणार नाही. २०११ साली त्याच्या सरकारनं तिप्नीसच्या जंगलातून रस्ता काढायचं ठरवलं. तिथले इंडियन ला पासकडे पायी निघाले. सप्टेंबरात चापारिनाला पोलिसांनी त्या मोर्चाला बडवलं, हात बांधले, तोंडाला चिकटपट्ट्या लावल्या. आपला माणूस गादीवर आणि आपल्याच लोकांच्या तोंडावर पट्टी. बोंब झाली म्हणून रस्ता थांबला, तिप्नीसला हात लावायचा नाही असा कायदा झाला. २०१७ ला तो कायदाही काढून टाकला. २०१६ च्या सार्वमतात जनतेनं पुन्हा उभं राहू नको म्हणून सांगितलं, तरी कोर्टाच्या खिडकीतून तो २०१९ ला उभा राहिलाच. गादी सुटत नाही साली!

मग नोव्हेंबर २०१९ ला तो पडल्यावर काय झालं? पोलिसांनी वर्दीवरची विफाला कातरून काढली. रस्त्यात ती जाळली. साकाबा आणि सेंकाताला गोळ्या घातल्या, वीसेक माणसं मेली. मोरालेस चुकला म्हणून त्याला विरोध करणारे होते, तसे त्याच्या कातडीला विरोध करणारेही होते. दोघांत फरक न करणाऱ्याशी मला बोलायचं नाही.

२०२० ला लोकांनी तोच पक्ष पुन्हा निवडला, लुईस आर्से आला. मग आर्से-मोरालेस भांडण, डॉलरचा तुटवडा, डिझेलसाठी रांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला तीन टक्क्यांच्या आसपास मतं पडली. नोव्हेंबरात रोद्रिगो पास गादीवर बसला, एका माजी राष्ट्राध्यक्षाचा पोरगा. त्याला मतं दिली ती एल आल्तोसारख्या आयमारा शहरांनीच. त्यांना कुणी गद्दार म्हणू नये. रांगेत बारा तास उभं राहणाऱ्याला निष्ठेचे धडे कोण देणार?

एल आल्तोचं एक सांगतो. ला पासमध्ये उतरंड उलटी आहे. श्रीमंत खाली, दरीच्या उबेत. गरीब वर, ४१०० मीटरवर, विरळ हवेत नि थंडीत. वर्षानुवर्षं वरच्यांनी मिनीबसमध्ये कोंबून खाली यायचं, घरं झाडायची, पुन्हा वर जायचं. २०१४ ला मोरालेसच्या काळात तारेवरची गाडी सुरू झाली. मी तेलेफेरिको हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा वाचला. पुढं दहा लाइनी झाल्या, तीसेक किलोमीटर. स्थानकांना आयमारा नावंही आहेत. पिवळी आणि हिरवी लाइन वरच्या वस्तीतून थेट खालच्या बंगलेवाल्यांच्या भागात उतरते. घागरा नेसलेली बाई त्या डब्यात बसते तेव्हा बंगल्यांची गच्ची, पोहायचा हौद, सगळं तिच्या पायाखालून जातं. खाली उतरून ती अजूनही बहुधा तिथंच धुणीभांडी करते.